काडीमोडाची नोंद कुठे असते?

'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेची ई-केवायसी 2025च्या अखेरीस चालू होती, तेव्हा बाईच्या आधारबरोबर नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार मागितला जात होता. ज्यांना यातला कुणीच नाही, त्यांची अडचण झाली. मग सवलत निघाली की अशा बहिणींनी नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या मृत्यूचा दाखला, घटस्फोटाचे प्रमाणपत्र किंवा न्यायालयाच्या आदेशाची प्रत जमा करावी. मृत्यूचा दाखला ग्रामपंचायतीत मिळतो, गावातल्या कुणालाही ते ठाऊक असते. न्यायालयाच्या आदेशाची प्रत न्यायालयात मिळते, निदान मिळायला हवी. पण हिंदू विवाह कायद्याखाली वेगळ्या झालेल्या बाईला 'घटस्फोटाचे प्रमाणपत्र' देणारे कार्यालय महाराष्ट्रात कुठेही नाही. पुणे महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात नाही, बारामतीच्या पंचायत समितीत नाही, आंबेगावच्या तहसीलमध्येही नाही. जो कागद सरकार कुणालाच देत नाही, तोच सरकारच्या यादीत मागितला गेला. ही एका योजनेतली शब्दांची गफलत म्हणून सोडून देण्यासारखी बाब नाही. आपल्याकडे लग्न लागल्याची नोंद ठेवणारी वही आहे, ते मोडल्याची नोंद ठेवणारी वही नाही. या एका उणिवेची किंमत पुणे जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांतल्या बाया पिढ्यान्‌पिढ्या मोजत आल्या आहेत. लग्नाची नोंद जिथे असते त्याच पानावर, न्यायालयाने आपणहून कळवून, घटस्फोटाची नोंद व्हावी, असे माझे म्हणणे आहे. ते ऐकायला फार किरकोळ वाटेल. तसे ते नाही.

आधी लग्नाची वही पाहू. महाराष्ट्र विवाह मंडळांचे विनियमन आणि विवाह नोंदणी अधिनियम 1998 सालचा. त्याच्या आधीही मुंबई राज्याचा 1953चा नोंदणी कायदा होताच. 1998च्या कायद्याने गावपातळीवर ग्रामसेवक हाच विवाह निबंधक झाला. वधूवर, साक्षीदार, लग्नपत्रिका, वयाचे पुरावे आणि ठरलेले शुल्क घेऊन जायचे, सह्या करायच्या, दाखला घ्यायचा. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2006 मध्ये सगळ्या धर्मांच्या लग्नांची नोंदणी सक्तीची करा असे राज्यांना सांगितले, तेव्हा महाराष्ट्राकडे यंत्रणा तयार होती. तिथवर सगळे ठीक. पुढे ते लग्न टिकले नाही, न्यायालयाने घटस्फोटाचा हुकूमनामा दिला, तरी ग्रामपंचायतीतल्या त्या नोंदीत अक्षराचाही फरक पडत नाही. दहा वर्षांनी कुणी त्याच नोंदीचा दाखला मागितला, तर तो जसाच्या तसा निघतो. त्या वहीत लग्न लागते, मोडत कधीच नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 8 मध्ये लग्नाच्या नोंदणीची सोय केलेली आहे, घटस्फोटाच्या नोंदणीबद्दल सबंध कायद्यात एक ओळ नाही. कलम 23च्या चौथ्या पोटकलमात एवढेच म्हटले आहे की घटस्फोटाचा हुकूमनामा झाल्यावर त्याची एक प्रत दोन्ही पक्षांना न्यायालयाने फुकट द्यावी. ती प्रत जपणे, सापडेल अशा जागी ठेवणे आणि जन्मभर पुरवणे ही जबाबदारी त्या दोघांची.

आणि ती प्रत हरवते. भाड्याची घरे बदलतात, पावसात पत्रा गळतो, वकिलाकडे ठेवलेली फाईल वकील वारल्यावर कुठे जाते ते कळत नाही. मग शोध सुरू होतो, आणि खरी कसरत तिथे असते. घटस्फोटाचा अर्ज कुठे करायचा याची मुभा कलम 19 ने बरीच मोठी ठेवली आहे: लग्न जिथे लागले तिथे, समोरचा पक्ष राहतो तिथे, दोघे शेवटचे एकत्र जिथे राहिले तिथे. 2003च्या दुरुस्तीनंतर बायको अर्जदार असेल, तर ती सध्या राहते तिथेही. दाखल करणाऱ्या बाईसाठी ही मोठी सोय आहे, माहेरच्या तालुक्यात अर्ज करता येतो. पण वीस वर्षांनी कागद शोधणाऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ असा की तो चार तालुक्यांपैकी कुठेही असू शकतो. लग्न जुन्नरला लागलेले, सासर शिरूरचे, नवराबायको कामासाठी हडपसरला राहिलेले, भांडणानंतर ती भोरला माहेरी परतलेली. चारही ठिकाणे एकाच जिल्ह्यात आहेत, पण प्रत्येकाचा अभिलेख कक्ष वेगळा. त्यातही पुणे शहरात 1989 पासून कौटुंबिक न्यायालय आहे, तर ग्रामीण भागात हे काम प्रामुख्याने दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्याकडे चालते. शहरात प्रकरणाला 'पी.ए.' नंबर पडतो, तालुक्याला 'एच.एम.पी.'. शहराच्या कडेची कितीतरी गावे 1997, 2017 आणि 2021 मध्ये महापालिकेत आली, तेव्हा अर्ज दाखल झाला त्या दिवशी ते गाव कुणाच्या हद्दीत होते, हेही आधी बघावे लागते.

नक्कल विभागाच्या खिडकीशी काय चालते ते जरा जवळून बघण्यासारखे आहे. अर्जावर कोर्ट फी स्टँप लावायचा, पक्षकारांची नावे, प्रकरणाचा नंबर, निकालाची तारीख आणि कोणता कागद हवा ते लिहायचे. नंबर आणि तारीख हाताशी असेल तर काम सरळ आहे: नोंदवहीत बघतात, बंडल काढतात, प्रत तयार होते, शिक्का बसतो. नंबर नसेल तर त्या खिडकीवरच्या कारकुनाकडेही इलाज नसतो. त्याच्यामागे कापडात बांधलेले गठ्ठे निकालाच्या वर्षाप्रमाणे लावलेले असतात, नावाप्रमाणे नाही. 'साल कोणते?' हा त्याचा पहिला प्रश्न, आणि बाईकडे त्याचे उत्तर 'थोरल्या मुलीला शाळेत घातले त्याच्या पुढच्या वर्षी' असे असते. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर नाव आणि साल टाकून शोधता येते, सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक असेल तर क्षणात प्रकरण समोर येते. पण संगणकीकरणापूर्वीची प्रकरणे तिथे सगळी नाहीत, आणि नावाच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर इकडचे तिकडे झाले की असलेलेही सापडत नाही. पक्षकार सोडून दुसऱ्या कुणाला प्रत हवी असेल, समजा मरण पावलेल्या बापाच्या पहिल्या लग्नाचे काय झाले हे मुलाला शोधायचे असेल, तर कारण सांगणारे शपथपत्र आणि न्यायालयाची परवानगी लागते. ही अट योग्यच आहे. अडचण अटीची नाही. कुठल्या दारावर परवानगी मागायची तेच आधी कळत नाही, ही अडचण आहे.

हे झाले ज्यांचा घटस्फोट न्यायालयात झाला त्यांचे. खेड्यांत मोठी संख्या त्यांची आहे, ज्यांच्याकडे कागद आहे पण तो न्यायालयाचा नाही. पूर्वी शंभराचा, हल्ली पाचशेचा स्टँपपेपर. वरच्या कोपऱ्यांत दोघांचे पासपोर्ट आकाराचे फोटो चिकटवलेले, त्यांवर अर्धा फोटोवर अर्धा कागदावर पडलेला शिक्का. मजकूर ठरलेला असतो: पटत नाही म्हणून राजीखुशीने विभक्त होत आहोत, दागिने आणि भांडीकुंडी परत मिळाली, यापुढे एकमेकांवर हक्क नाही, दोघेही दुसरे लग्न करायला मोकळे. खाली दोन साक्षीदार, नोटरीची सही आणि लाल गोल. हा कागद बघणाऱ्याला वाटते की याहून सरकारी दुसरे काय असते? प्रत्यक्षात त्याने लग्न मोडत नाही. हिंदू विवाह कायद्याखाली लग्न मोडण्याचा अधिकार न्यायालयाला आहे, दोघांच्या करारालाही नाही आणि नोटरीलाही नाही. केंद्रीय कायदा मंत्रालयाने ऑक्टोबर 2024 मध्ये नोटरींना लग्नाचे आणि घटस्फोटाचे दस्त करू नका अशी ताकीद दिली, यावरूनच तो उद्योग किती फोफावला होता ते दिसते. त्या कागदाने नवरा मोकळा होत नाही, बायकोही होत नाही. उलट तिचे जास्त नुकसान करण्याची ताकद त्यात आहे. जुन्या फौजदारी संहितेचे कलम 125, म्हणजे आताच्या नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 144, सांगते की नवराबायको परस्पर संमतीने वेगळे राहत असतील तर बायकोला त्या कलमाखाली पोटगी मागता येत नाही. स्टँपपेपरवरची 'राजीखुशी' नेमकी तिथे तिच्याविरुद्ध पुढे केली जाते. सही करताना तिला वाटलेले असते की आपली सुटका झाली. सुटका झालेली नसते, आणि हातची पोटगी मात्र धोक्यात आलेली असते.

हा कागद आला कुठून, हे समजून घेतल्याशिवाय त्याला नावे ठेवणे अन्यायाचे होईल. घटस्फोट ही पाश्चात्त्य कल्पना, आपल्याकडे लग्न सात जन्मांचे, असे बोलणारे आपल्याच मुलखाचा इतिहास विसरतात. पेशवाई संपल्यावर मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन याच्या सरकारने दख्खनमधल्या जातींचे रीतिरिवाज गोळा करवले. आर्थर स्टील याने पुण्यात बसून केलेले ते संकलन 1827 मध्ये छापले गेले. त्यात कोणत्या जातींत पाट, म्हणजे बाईचे दुसरे लग्न, लागतो, कोणत्या जातींत सोडचिठ्ठी देतात, पंच काय ठरवतात, याचा तपशील आहे. ब्राह्मण आणि तशाच काही जाती सोडल्या, तर शेतकरी, कारागीर आणि कष्टकरी समाजांत काडीमोड होता आणि पाटही होता. पंचांसमोर काडी मोडायची, संबंध तुटला. शब्द अजून भाषेत जिवंत आहे तो त्या कृतीमुळेच. म्हणजे आज स्टँपपेपर करणारे कुटुंब काही अडाणीपणाने वागत नसते. आजोबांनी पंचांसमोर जे केले, तेच ते नोटरीसमोर करत असते. पंचांची जागा लाल गोलाने घेतली, इतकेच. इंग्रजी न्यायालयांनी मात्र पंचांचा अधिकार लवकरच नाकारायला सुरुवात केली. लग्न रद्द ठरवण्याचा किंवा बाईला दुसऱ्या लग्नाची परवानगी देण्याचा जातीचा अधिकार आम्ही मानत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने 1876 मध्येच सांगून ठेवले होते. एका बाजूला जुनी वाट अशी अडली, आणि नवी वाट मात्र कित्येक दशके उघडलीच नाही. नांदायला यावे म्हणून नवरा दादाजी याने रुखमाबाईंवर घातलेला खटला 1884 पासून चालला, पुण्याच्या 'केसरी'ने त्यांच्याविरुद्ध रान उठवले, नवऱ्याकडे जाण्यापेक्षा तुरुंगात जाईन असे त्या म्हणाल्या, आणि शेवटी 1888 मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. लग्न मोडले नाही, कारण मोडण्याचा कायदाच नव्हता. पुढे डॉक्टर झालेल्या, सुरतेत बरीच वर्षे काम केलेल्या या बाईने 1904 मध्ये दादाजी वारल्यावर पांढरे लुगडे नेसले. कागदावर त्या तोवर त्यांची बायकोच होत्या.

बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी 1931 मध्ये हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला, मुंबई प्रांतात तो 1947 मध्ये आला, देशभर 1955 मध्ये. या 1955च्या कायद्याने एक शहाणपण दाखवले: कलम 29 मध्ये रूढीने होणारा घटस्फोट शाबूत ठेवला. पण तो सिद्ध कसा करायचा? सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये स्पष्ट केले की आमच्यात अशी प्रथा आहे असे नुसते म्हणून भागत नाही, ती दाव्यात मांडावी लागते आणि पुराव्याने शाबीत करावी लागते. प्रथेचा पुरावा म्हणजे जुनी उदाहरणे आणि म्हातारी माणसे. काडी मोडली तेव्हा हजर असलेले पंच आज कुठून आणायचे? त्यातून जातपंचायतींनी घटस्फोटाच्या नावाखाली दंड आणि बहिष्काराचे जे प्रकार केले, त्यामुळे महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध 2016चा कायदा करावा लागला. तो जुलै 2017 पासून लागू आहे. तेव्हा पंचांकडे परत जाणे हा मार्ग नाही. मुस्लिम बायकांची कोंडी थोडी वेगळी, पण मुळाशी तीच. पुण्यात 1970 मध्ये मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन करणारे हमीद दलवाई घटस्फोट न्यायालयातच व्हावा अशी मागणी करत होते. एका दमात तीनदा उच्चारायचा तलाक 2017 मध्ये रद्दबातल ठरला आणि 2019 मध्ये गुन्हा झाला. पण खुला, म्हणजे बायकोच्या पुढाकाराने होणारा तलाक, किंवा इतर मार्गांनी वेगळ्या झालेल्या बाईच्या हातात आजही बहुधा एका संस्थेचे किंवा काझींचे पत्रच असते, सरकारी नोंद नसते.

2011च्या जनगणनेत 'घटस्फोटित' आणि 'विभक्त' हे दोन रकाने वेगळे होते. देशात घटस्फोटित सुमारे साडेतेरा लाख निघाले, आणि घटस्फोट न होता विभक्त राहणारे सुमारे पस्तीस लाख. दोन्हींत बायकांची संख्या पुरुषांपेक्षा जास्त. विभक्त बायकांना मराठीत परित्यक्ता म्हणतात, म्हणजे टाकून दिलेल्या. तो शब्दच ऐकवत नाही. संगमनेरला 1988 मध्ये निशा शिवूरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परित्यक्तांची परिषद भरवली, तेव्हा या बायकांच्या मागण्या साध्या होत्या: रेशनकार्ड स्वतःच्या नावे, राहायला छप्पर, पोटगी. त्यातल्या बऱ्याच गोष्टी नंतर निदान कागदावर मान्य झाल्या, आणि इथेच एक विचित्र पेच तयार झाला. सवलत जितकी वाढली, तितका पुरावा वाढला. संजय गांधी निराधार योजनेत घटस्फोट झालेली पण पोटगी न मिळणारी बाई बसते, घटस्फोटाच्या प्रक्रियेत असलेली बाईही बसते, पण दोन्ही सिद्ध करायला न्यायालयाचाच कागद लागतो. केंद्राच्या कुटुंब निवृत्तिवेतनात घटस्फोटित मुलीचा हक्क मान्य झाला, पण आईवडील हयात असताना अर्ज दाखल झालेला हवा, म्हणजे तारखेचा पुरावा हवा. ज्या बाईकडे नोंद आहे तिच्यासाठी दारे उघडत गेली. जिच्याकडे नाही, ती आजही टाकलेली.

गोष्ट पैशांच्या सवलतीवर थांबत नाही. गावात माणूस मेला की तेराव्यानंतर वारसनोंदीचा अर्ज तलाठ्याकडे जातो. पहिल्या बायकोला स्टँपपेपरवर सोडलेले, दुसरीबरोबर पंचवीस वर्षे संसार, शेतात राबणारी दुसरी, मुले दुसरीची. कायद्यात विधवा मात्र पहिली, कारण तिचे लग्न कधी मोडलेच नाही. दुसरे लग्न शून्य. मुलांना हिंदू विवाह कायद्याच्या कलम 16 ने आधार दिलेला आहे, आणि सप्टेंबर 2023 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तो पक्का केला, पण त्यांच्या आईला वारस म्हणून जागा नाही. वर पहिलीने मनात आणले, तर दुसऱ्या लग्नाबद्दल सात वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा नवऱ्यावर दाखल होऊ शकत होता. दोन बायका एका सातबाऱ्यावरून भांडतात, आणि दोघींपैकी एकीनेही काही चुकीचे केलेले नसते. जानेवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे अशीच एक बाई आली होती. पहिल्या नवऱ्यापासून ती करारनाम्याने वेगळी झालेली, दुसऱ्याला ते सगळे माहीत असूनही त्याने लग्न केलेले, आणि पोटगी मागितल्यावर तो म्हणाला की ही माझी बायकोच नव्हे. न्यायालयाने तिला पोटगी दिली. निकाल माणुसकीचा आहे. पण सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाण्याची ताकद किती जणींत असते?

आता उपायाकडे. मी मागतो आहे ते काही नवे, परके किंवा अवघड नाही. पारशी विवाह आणि घटस्फोट कायदा 1936चा आहे. त्याचे कलम 10 सांगते की न्यायालयाने घटस्फोटाचा किंवा लग्न रद्द झाल्याचा हुकूमनामा दिला, की त्याची प्रत न्यायालयाने विवाह निबंधकाकडे पाठवावी आणि निबंधकाने ती त्यासाठी ठेवलेल्या वहीत नोंदवावी. म्हणजे पुण्याच्या लष्कर भागातल्या पारशी जोडप्याच्या घटस्फोटाची कायद्याने नोंद होते, आणि शेजारच्या हिंदू जोडप्याच्या होत नाही. ही तफावत कित्येक दशके चालू आहे. शेजारच्या गोव्यात 3 नोव्हेंबर 1910च्या पोर्तुगीज घटस्फोट कायद्यापासून चालत आलेली पद्धत अशी की न्यायालयाचा निर्णय नागरी निबंधकाकडे जातो आणि मूळ विवाहनोंदीवर तसा शेरा पडतो. पेडण्याची बाई ज्या कागदावर आपली स्थिती दाखवू शकते, तो कागद नदीपलीकडच्या सावंतवाडीच्या बाईला नाही. उत्तराखंडच्या 2024च्या संहितेतही घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची नोंदणी ठेवली आहे. त्या संहितेबद्दल मतभेद आहेत, माझेही आहेत, पण हे एक कलम वेगळे काढून पाहण्यासारखे आहे. मला सगळ्यांत बोलके वाटते ते मात्र विशिष्ट अनुतोष अधिनियमाचे कलम 31. न्यायालयाने एखादे नोंदणीकृत खरेदीखत रद्द केले, तर हुकूमनाम्याची प्रत न्यायालयानेच दुय्यम निबंधकाकडे पाठवायची आणि त्याने आपल्या पुस्तकातल्या नकलेवर रद्द झाल्याचा शेरा मारायचा. गुंठाभर जमिनीच्या दस्तासाठी ही काळजी 1877 पासून कायद्यात आहे. माणसाच्या लग्नाच्या दस्तासाठी नाही.

यावर पहिला आक्षेप गोपनीयतेचा येतो, आणि तो वजनदार आहे. खेड्यात ग्रामपंचायतीचे दप्तर म्हणजे चावडी, तिथे नोंद झाली की गावभर चर्चा. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 22 ने वैवाहिक कामकाज बंद दाराआड ठेवले आहे, ते उगाच नाही. पण कलम 22 जपते ते भांडणाचा तपशील: आरोप, साक्षी, कोण कुणाबद्दल काय म्हणाले ते. नोंदीत यातले काही नको. न्यायालयाचे नाव, प्रकरणाचा नंबर, तारीख, 'विवाह विच्छेदित' एवढे दोन शब्द. आणि दाखला दोघांना किंवा कायदेशीर वारसालाच मिळावा. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत काउंटीच्या न्यायालयात जाऊन कुणीही कुणाच्याही घटस्फोटाची फाईल मागू शकतो, तसले उघडे दप्तर मला नको आहे. राहिला प्रश्न लाजेचा. गावाला सगळे आधीपासून माहीत असते, माहीत नसते ते फक्त सरकारला. दुसरा आक्षेप असा की गावाकडची कित्येक लग्ने नोंदवलेलीच नाहीत, मग शेरा कशावर मारणार? हे खरे आहे. पण घटस्फोट देताना न्यायालय आधी लग्न झाल्याचे ठरवतेच, त्याची तारीख आणि ठिकाण निकालात येते. त्याच हुकुमाने लग्नाची आणि ते मोडल्याची अशा दोन्ही नोंदी एका वेळी करायला सांगता येतील. जिचे लग्न कुठेच नोंदलेले नव्हते, तिला निदान शेवटी तरी एक खरा कागद मिळेल. नोंद सोपी केली की घरे मोडतील असे म्हणणाऱ्यांना जनगणनेचे आकडे पुन्हा वाचायला सांगावे. घटस्फोट न घेता वेगळे राहणारे अडीचपट आहेत. वही नसल्यामुळे एकही घर सांधले गेलेले नाही.

सगळ्यांत खरा आक्षेप वेगळाच आहे, आणि तो गरिबांच्या बाजूने येतो. पंचांसमोर काडी मोडायला एक संध्याकाळ पुरत होती, नोटरीकडे एक सकाळ पुरते. तुम्ही त्यांना कोर्टात ढकलता आहात, जिथे तारखांवर तारखा पडतात, एसटीचे भाडे आणि बुडालेली मजुरी धरली तर एकेक तारीख महाग पडते. नोंदीचा आग्रह धरून तुम्ही त्यांची उरलीसुरली सोय काढून घेता. या आक्षेपाला मी झटकन उत्तर देणार नाही, कारण त्यातला राग रास्त आहे. परस्पर संमतीच्या घटस्फोटालाही कलम 13ब प्रमाणे आधी वर्षभर वेगळे राहणे आणि मग सहा महिन्यांची वाट असते. ते सहा महिने न्यायालय माफ करू शकते असे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2017 मध्ये सांगितले, पण ते माफ करा म्हणून वेगळा अर्ज आणि वेगळा युक्तिवाद लागतो. तरीही दोन गोष्टी सांगितल्याच पाहिजेत, कारण त्या गावात कुणी सांगत नाही. महाराष्ट्रात घटस्फोट, पोटगी, मालमत्ता आणि अत्याचाराच्या प्रकरणांत बाईला न्यायालयीन शुल्क माफ आहे, ऑक्टोबर 1994 पासून. आणि 1987च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने कुठल्याही बाईला, तिचे उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो. त्यासाठी तालुका न्यायालयाच्या आवारातच तालुका विधी सेवा समिती असते. नोटरीला मोजलेले पैसे पुष्कळदा या फुकटच्या वाटेपेक्षा जास्त असतात. आणि रूढीने झालेले जुने घटस्फोट? ते बुडवायचे नाहीत, त्यांना वहीत आणायचे. दोन्ही पक्ष हजर राहून तसे सांगत असतील, तर दिवाणी न्यायाधीशांनी छोट्या चौकशीनंतर वैवाहिक स्थितीचा ठराव द्यावा आणि तो निबंधकाकडे जावा. वैवाहिक स्थिती ठरवण्याचा अधिकार कौटुंबिक न्यायालयांना 1984च्या कायद्याने दिलेलाच आहे. तालुक्याच्या न्यायालयांसाठी त्याची सोपी, ठरावीक मुदतीची पद्धत घालून देणे एवढेच बाकी आहे. काडीमोडाला कायद्याने 1955 मध्ये मान दिला, पण पुरावा दिला नाही. तो आता द्यावा.

हे दिल्लीवर सोडायचे कारण नाही. विवाह आणि घटस्फोट हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत पाचव्या क्रमांकावर आहे, आणि 1998चा नोंदणी कायदा तर विधिमंडळाने स्वतःच केलेला आहे. त्यात पारशी कायद्याच्या कलम 10 सारखे एक कलम घालायला मुंबईचे किंवा नागपूरचे एक अधिवेशन पुरेल. वाचकांपैकी ज्यांचे आमदारांशी बोलणे होते त्यांनी हे त्यांच्या कानावर घालावे. आणि ते होईपर्यंत, घरात कुणाचा हुकूमनामा असेल तर आजच काढा. न्यायालयाचे नाव, प्रकरणाचा नंबर, निकालाची तारीख आणि असल्यास सीएनआर क्रमांक, अशा चार ओळी दुसऱ्या कागदावर उतरवून मुलीच्या शाळेच्या दाखल्याबरोबर ठेवा, आणि नक्कल विभागातून आणखी दोन प्रमाणित प्रती मागवून घ्या.